शकुबाई भारतात केव्हा आल्या?

बँकेच्या अर्जात माणसाने खरं किती लिहावं याला काही मर्यादा असते. ती मर्यादा धनराजभाऊ पिंपळशेंडे यांना वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी सापडली, आणि तीही स्वतःच्या नव्हे, आईच्या अर्जावर.

काम एवढंसंच होतं. शकुबाईंचं, म्हणजे धनराजभाऊंच्या आईचं, राजुऱ्याच्या बँकेत खातं उघडायचं होतं. ऐंशी वर्षांत शकुबाईंना खात्याची गरज पडली नव्हती, कारण जे काही होतं ते आधी नवऱ्याच्या नावावर होतं आणि मग मुलाच्या. पण यंदा चंद्रपूरला रानमेवा महोत्सव भरणार होता आणि शकुबाईंच्या मोहफुलांच्या लाडवांना तिथे स्टॉल मिळाला होता. पत्रात अट होती की स्टॉल ज्याच्या नावावर, त्याचंच बँक खातं हवं, त्याच खात्याचा क्यूआर कोड हवा आणि खाते क्रमांक शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कळवायला हवा. नाही कळवला तर स्टॉल यादीतल्या पुढच्या माणसाला.

"माह्या खात्यावर घेऊन टाक ना माय. घरचंच तं हाये," धनराजभाऊ म्हणाले.

"लाडू तू वळतं का?" शकुबाईंनी विचारलं.

"नाई."

"मंग नाव तुहं काऊन? मले माह्या नावाचा तो काळापांढरा चौकोन पाह्यजे. लोकं फोन दाखवन आन माहं नाव येन."

शकुबाई एकदा बोलल्या की त्यावर अपील नसतं. त्यामुळे सोमवारी सकाळी धनराजभाऊ अर्ध्या दिवसाची रजा टाकून आईला घेऊन बँकेत गेले.

इथे धनराजभाऊंबद्दल थोडं सांगायला हवं. ते पंचायत समितीत वरिष्ठ सहायक होते. तीस वर्षं एकच टेबल, आणि त्या टेबलावरून तीस वर्षं एकच वाक्य: "एक कागद कमी हाये." लाच घेणारा माणूस नव्हे, हे त्यांचे शत्रूही कबूल करत. पण कागद पुरा असल्याशिवाय त्यांची सही झाल्याचंही कोणी पाहिलं नव्हतं. अर्ज म्हणजे त्यांच्या लेखी देवपूजा होती, आणि पूजेत जसं एक फूल जास्त वाहिलं तर बिघडत नाही, तसं अर्जाला एक कागद जास्त जोडला तर बिघडत नाही, अशी त्यांची समजूत होती.

काउंटरवर दामिनी नावाची नवी मुलगी होती. वडशाकडची, नोकरीला लागून महिनाच झालेला. ती म्हणाली, "आजीचं आधार द्या, दोन फोटो द्या, बाकी मी भरते. दहा मिनिटांत होऊन जाते."

दहा मिनिटांत होणाऱ्या कामावर धनराजभाऊंचा विश्वास नव्हता. "अर्ज मी भरतो," ते म्हणाले, आणि खिशातून स्वतःचा पेन काढला.

नाव, पत्ता, पतीचं नाव असं सुंदर अक्षरात भरत ते एका चौकटीपाशी आले. तिथे लिहिलं होतं, जन्मदेश. दुसरा कोणी असता तर 'भारत' लिहून पुढे गेला असता. पण धनराजभाऊ दर सतरा सप्टेंबरला पंचायत समितीच्या अंगणात भाषण करत असत. सगळा देश सत्तेचाळीसच्या ऑगस्टात स्वतंत्र झाला, पण राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात अडकलेलं, आणि आपल्याला स्वातंत्र्य मिळालं ते तेरा महिन्यांनी, हे ते दरवर्षी पंचवीस मिनिटं सांगत. कर्मचारी उन्हात उभे राहून ऐकत. अशा माणसाने पंचेचाळीस साली राजुरा तालुक्यात जन्मलेल्या बाईच्या अर्जावर 'भारत' लिहायचं म्हणजे स्वतःचंच भाषण खोटं पाडायचं. त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं: हैदराबाद संस्थान (निजाम सरकार).

आणि पुराव्यादाखल एक कागदही जोडला. तो शकुबाईंच्या जन्माच्या नोंदीची नक्कल होता, उर्दूत, निजामाच्या गोल शिक्क्याचा. त्या काळात पोरगी जन्मली तर लोक शेजाऱ्यालाही उशिराच सांगत, पण शकुबाईंचे वडील लेकीची नोंद करायला गावाहून राजुऱ्यापर्यंत पायी आले होते आणि नक्कल मागून घेऊन गेले होते. घरात त्या कागदाला मान होता. ट्रंकेच्या तळाशी, शालूच्या घडीत तो ठेवलेला असे. आईला न विचारता धनराजभाऊंनी तो काढून आणला होता, कारण इतका भारी पुरावा घरात असताना नुसतं आधार देणं त्यांना कमीपणाचं वाटलं.

दामिनीने संगणकात देशांची यादी उघडली. ह मध्ये हंगेरी होतं, हाँगकाँग होतं, हैती होतं. निजामाचं हैदराबाद नव्हतं. ती नवी होती आणि समोर दुप्पट वयाचा सरकारी माणूस ठामपणे बसलेला होता, म्हणून तिने यादीच्या तळाशी जाऊन 'इतर' निवडलं.

संगणक क्षणभर थांबला. मग त्याने लाल चौकटीत तीन गोष्टी मागितल्या: पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा प्रकार आणि भारतात आगमनाची तारीख.

"हे वापस घे ना," धनराजभाऊ म्हणाले.

दामिनीने चार-पाच बटणं दाबून पाहिली. "नाई होऊन राह्यलं सर. जन्म बाहेरचा दाखवला की बदल फक्त नागपूरहून होते. आता आजीची तपासणी लागली."

"म्हंजे एक कागद..." धनराजभाऊंनी सुरुवात केली, आणि वाक्य त्यांनीच अर्धवट सोडलं.

शकुबाईंना सगळं समजायला रिक्षात बसेपर्यंत वेळ लागला. समजल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तिनं आधार मांगतलं होतं ना? माह्या बापाचा कागद तू कायले नेला?"

मंगळवारी मॅनेजरसाहेबांनी त्यांना आत बोलावून चहा पाजला. सरकारी नोकराला माहीत असतं की आधी चहा येतो तेव्हा काम होणार नसतं. "तुमच्या आई परदेशी आहेत असं आमचं मुळीच म्हणणं नाही," साहेब म्हणाले. "पण संगणकाचं आहे. तुम्ही त्या उर्दू कागदाचं भाषांतर आणा, मी नागपूरला पाठवतो."

ही बातमी गल्लीत कशी पोचली हे कळायला मार्ग नाही. धनराजभाऊंच्या बायकोने, कुंताबाईने, फक्त नळावर आणि फक्त एकीला सांगितलं होतं. संध्याकाळी खाणीतून निवृत्त झालेला सुकलू ओसरीवर येऊन बसला. सुकलूकडे जगातल्या प्रत्येक अडचणीवर उपाय असे आणि उपाय सांगितल्याशिवाय तो चहाला हात लावत नसे.

"सोप्पं हाये भाऊ," तो म्हणाला. "मायले दोन दिवस आसिफाबादले नेऊन ठेवा. मंग वापस आना. येतानी तिकीट सांभाळून ठेवजा. झाली आगमनाची तारीख."

"आसिफाबाद तेलंगणात, म्हंजे भारतातच हाये, सुकलूभाऊ."

सुकलूने चहाचा कप पुन्हा बाजूला सरकवला. "असं हाये का," तो म्हणाला. "मंग गोंदियाकडून आना."

बुधवारी पुन्हा रजा टाकून धनराजभाऊ बल्लारपूरला गेले. तिथे रहमान गुरुजी म्हणून उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सज्जन राहत. गुरुजींनी कागद हातात घेतला, चष्मा पुसला आणि पहिला अर्धा तास नुसत्या अक्षराचं कौतुक केलं. असा लफ्फेदार हात आता बघायला मिळत नाही, हा लिहिणारा कारकून नव्हे, कलावंत होता, असं ते म्हणत राहिले. एका कलावंत कारकुनाची स्तुती ऐकून धनराजभाऊंना तीन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. मग गुरुजींनी एकही शब्द न गाळता भाषांतर लिहून दिलं. त्यात देशाचं नाव 'महामहिम सरकारची संरक्षित राज्ये' असं आलं आणि जन्मसाल निजामी फसली पंचांगाप्रमाणे तेराशे पंचावन्न आलं.

दामिनीने ते जसंच्या तसं संगणकात घातलं. संगणकाने शकुबाईंचं वय सहाशे सत्तर काढलं. वयाला त्याची हरकत नव्हती. ज्येष्ठ नागरिक म्हणून त्याने त्यांना चटकन मान्य केलं. पासपोर्ट मात्र तो मागतच राहिला.

गुरुवारी सकाळी ऑफिसात तर वेगळीच तऱ्हा. शेजारच्या टेबलावरचा पोरगेला लिपिक फार काळजीने म्हणाला, "सर, माय बाहेरची निघाली तं तुमच्या सर्व्हिस बुकात काही बदल करा लागन का?" धनराजभाऊंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. तेवढ्यात आशाबाई आल्या. त्या घरकुलाच्या कागदासाठी तीन महिन्यांपासून येत होत्या आणि दर वेळी एक कागद कमी निघत होता. त्यांनी आज स्वतःच्या फाइलचं नावही काढलं नाही. टेबलापाशी उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, आयकलं मी. जीवाले लावून नका घेऊ. एखादा कागद कमी असन, भेटून जाईन."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर धनराजभाऊंनी सहन केला असता. त्यांनी आशाबाईंची फाइल काढली, वरून खालपर्यंत पाहिली. जो कागद कमी होता तो त्यांच्याच मागच्या कपाटात दुसऱ्या फाइलला जोडलेला होता, हे त्यांना तीन महिने माहीत होतं. त्यांनी उठून तो आणला आणि सही केली. आशाबाई फाइलकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिल्या, तब्येत बरी आहे ना असं विचारून गेल्या.

त्याच दुपारी बँकेतून दामिनीचा फोन आला. नागपूरचे साहेब शुक्रवारी चार वाजता फोनच्या पडद्यावर आजींशी बोलणार होते. "पन सर, एक साक्षीदार लागते. आजी भारतात आल्या तेव्हापासून त्याईले ओळखते असा."

अठ्ठेचाळीस सालापासून ओळखणारा माणूस कुठून आणायचा? धनराजभाऊ डोकं धरून बसले. स्टॉल गेलाच असं त्यांच्या मनाने घेतलं. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा चुलीपाशी शकुबाई मोहफुलं भाजत होत्या. स्टॉलचं काय होईल ते होवो, शंभर लाडू तयार पाहिजेत, म्हणून त्या दोन दिवसांपासून उठल्या नव्हत्या. त्यांच्या हातांकडे बघताना धनराजभाऊंना स्वतःची लाज वाटली.

"माय, चुकलंच माहं," ते म्हणाले.

शकुबाईंनी झारा बाजूला ठेवला. "साक्षीदार हाये," त्या म्हणाल्या आणि समोरच्या घराकडे मान केली.

समोर बायनाबाई राहत. वय अठ्ठ्याऐंशी. दोघींचं माहेर एक, आणि दोघी लग्न होऊन राजुऱ्याच्या एकाच गल्लीत आलेल्या. गेली चाळीस वर्षं त्यांचा एकच वाद चालू होता: लाडवात जवस किती घालायचा. बायनाबाईंच्या मते शकुबाईंना लाडू वळायला त्यांनीच शिकवलं होतं आणि नंतर शकुबाईंनी जवस कमी करून त्याची माती केली होती. महोत्सवाचं पत्र आल्यापासून तर त्यांनी समोरच्या दाराकडे बघणंही सोडलं होतं.

धनराजभाऊ हात जोडून त्यांच्या ओसरीवर गेले. बायनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"येतो मी," त्या म्हणाल्या. "पन मी खरं बोलन. जे हाये ते."

खरं हा शब्द ऐकून धनराजभाऊ धास्तावले. खऱ्यानेच तर सोमवारपासून ही वेळ आणली होती. पण दुसरा इलाज नव्हता.

शुक्रवारी चारला मॅनेजरच्या खोलीत सगळे गोळा झाले. शकुबाई इरकली नेसून, बायनाबाई नवी नऊवारी नेसून, मधे धनराजभाऊ, मागे कुंताबाई, आणि बोलावलेलं नसताना सुकलू. दामिनीने फोन उभा केला. पडद्यावर नागपूरचे साहेब आले. ते थकलेले दिसत होते आणि त्यांच्यासमोर बरेच अर्ज पडलेले असावेत.

"आजी, तुमचा जन्म परदेशी दिसतोय," साहेबांनी सुरुवात केली. "तुम्ही भारतात केव्हा आलात?"

"मी कुठीच नाई आली बापा," शकुबाई म्हणाल्या. "मी इथीच होती. भारत आला."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

धनराजभाऊंच्या ओठांवर पंचवीस मिनिटांचं भाषण आलं. ते उठणारच होते, तेवढ्यात बायनाबाईंनी त्यांच्या मांडीवर हात ठेवून त्यांना खाली दाबलं आणि फोनसमोर सरकल्या.

"मी सांगतो," त्या म्हणाल्या. "पोळा होऊन पंधरा दिवस झाले होते. मी अकरा सालाची होती. लोकं वरडत आले का निजाम गेला, भारत आला. चावडीवर झेंडा लावून राह्यले होते. समदे धावले. हिची माय वावरात होती, ही रडून राह्यली होती, म्हून मी हिले उचललं आन चावडीवर नेलं. भारी होती. नाक वाहत होतं. झेंडा वर गेला तवा समद्याईनं हात जोडले. मी हिचे बी जोडले."

शकुबाई बायनाबाईंकडे बघत होत्या. ऐंशी वर्षांत ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

नागपूरच्या साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. "माझ्यासमोर चौकटी आहेत, त्या मला भराव्या लागतात," ते म्हणाले. "आगमन कुठून कुठे?"

"हिच्या घरून चावडीवर."

"आगमनाचं साधन?"

"माही कड," बायनाबाई म्हणाल्या.

साहेब हसले. मग त्यांनी बराच वेळ काहीतरी टाइप केलं. "जन्मदेश मी भारत करतो. माझ्या अधिकारात बसतं ते," ते म्हणाले. "मुलाची काही हरकत?"

सगळ्यांनी धनराजभाऊंकडे पाहिलं. घड्याळात साडेचार झाले होते. धनराजभाऊंनी तेरा महिन्यांचा सगळा इतिहास एका आवंढ्याबरोबर गिळला. "काही हरकत नाई," ते म्हणाले.

"माही हाये," शकुबाई म्हणाल्या.

मॅनेजरने कपाळावर हात मारून घेतला.

"माह्या बापानं पायी जाऊन तो कागद आनला. तो खोटा हाये असं कुठी लिहू नका, साहेब. कागद बी खरा हाये आन मी बी इथलीच हावो."

"बरोबर आहे तुमचं," साहेब म्हणाले. "शेऱ्याची जागा आहे, तिथे लिहितो." आणि लिहिता लिहिता त्यांनी मोठ्याने वाचलं: "मूळ कागद ग्राह्य. अर्जदार जागेवरच होत्या. देश नंतर आला."

चार वाजून चाळीस मिनिटांनी खातं उघडलं. दामिनीने पासबुक शकुबाईंच्या हातात दिलं. शकुबाईंनी आपलं नाव एकदा वाचलं, बोटाने चाचपलं आणि म्हणाल्या, "लाव त्या महोत्सववाल्याले फोन." खाते क्रमांक त्यांनी स्वतःच सांगितला, एकेक आकडा, मास्तर शाळेत पाढे सांगतात तसा सावकाश. पलीकडच्या माणसाने तो लिहून घेतला आणि स्टॉलच्या पाटीवर नाव काय टाकायचं ते विचारलं.

"शकुबाई आन बायनाबाई," शकुबाई म्हणाल्या.

बायनाबाईंनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. "जवस माह्या मापानं घालशीन का?"

"अर्धा तुह्या मापानं."

पलीकडचा माणूस म्हणाला की दोन नावं असतील तर दोघींची खाती लागतील, पण दुसरा क्रमांक सोमवारपर्यंत चालेल. दामिनीने खणातून नवा अर्ज काढला. धनराजभाऊंचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला, आणि खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा त्या हाताबरोबर गेल्या. सुकलूने तर पुढे होऊन त्यांचं मनगटच धरलं.

"मी भरते सर," दामिनी म्हणाली. "तुमी फक्त ओळख देणारे म्हणून सही करा."

नाव झालं, पत्ता झाला, आणि ती त्या चौकटीपाशी आली. तिने मान वर करून विचारलं, "सर, या आजीच्या जन्माचं तुमाले काही मालूम हाये का?"

बायनाबाई छत्तीस-सदतीस सालच्या. त्याच गावच्या, त्याच निजामाच्या. पुरावा मागितला असता तर धनराजभाऊंनी गावाचं नाव, तालुका आणि त्या वेळच्या तहसीलदाराचंही नाव सांगितलं असतं.

"आधार कार्डावर हाये तेवढंच," ते म्हणाले. "बाकी मले काहीच मालूम नाई."

तीस वर्षांच्या नोकरीत कागदाच्या बाबतीत ते पहिल्यांदाच खोटं बोलले होते. दामिनीने अर्ज पुढे सरकवला आणि त्यांनी त्याच्या खाली आपली पूर्ण सही केली.